तीस हजार एकतीस

दोन हजार तेवीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. दात बरेचसे गेले होते, मिशी मात्र जागेवर होती, आणि तीच मी पणाला लावली. कशापायी? एका आकड्यापायी. सांगतो. पण आधी बाई सांगायला हव्यात, कारण बाई नसत्या तर आकडाही नसता.

तुम्ही आमच्या शहरात लष्कर भागात, नया बाजाराच्या बाजूला कधी राहिला असाल तर बाईंना पाहिलं असणारच. ठेंगण्या, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देवळात आरती झाली की पेढे वाटायचा मान त्यांचा. आणि त्यांची वाटायची रीत बघण्यासारखी होती. आधी माणसं मोजायच्या, तीही बोटाने नाही, हनुवटीने. एकेकाकडे हनुवटी उडवत जायच्या. मग ताटातले पेढे. मग वाटायला लागायच्या आणि शेवटी ताटात एकच पेढा उरायचा. जास्त उरले तर दुसरी फेरी. तरी बसत नसेल तर पेढे मोडायच्या, पण शेवटी उरणार एकच. तो गणपतीच्या पायाशी ठेवून म्हणायच्या, "हा देवाचा एक. एक उरला, वाटणी चोख."

लोकांना वाटे, केवढी भक्ती! मलाही वाटलं असतं, पण माझं पोट कापडावर भरलेलं. बिर्लानगरला मिलमध्ये मी लूमवर, म्हणजे मागावर, जॉबर होतो. बिघडलेला लूम चालू करणं, ताणा नीट लागलाय की नाही बघणं, हे माझं काम. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. सात धाग्यांचा पट्टा असेल तर सगळा ताणा सातासातात बसला पाहिजे. एक धागा उरला तर तो कडेला उघडा पडतो आणि साहेब शिव्या घालतो. मिल बंद पडली, क्वार्टर सुटलं, मुलाने या गल्लीत वरचा मजला भाड्याने घेतला, तरी उरलेल्या धाग्याची चीड माझ्यातून गेली नव्हती. म्हणून पहिल्याच चतुर्थीला मी बोललो, "बाई, उरतं म्हणजे वाटणी चुकली. आमच्याकडे उरलेल्याला दोष म्हणतात."

सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. बाईंनी हनुवटी माझ्याकडे उडवली. "कितवीपर्यंत शिकलात?"

"तिसरी. आणि शाळेने मला काढलं नाही, मी शाळा सोडली."

"छान. मग कोणी बिघडवलेलं नाही तुम्हाला," बाई म्हणाल्या. "उद्या पायरीवर या. तुमचा दोष दाखवते."

गेलो. मी कोणाचं ऐकायला जात नाही. त्या चुकल्यात हे त्यांना दाखवायला गेलो.

बाईंच्या पर्समध्ये कायम खडूचा तुकडा असे. त्यांनी देवळाच्या पायरीवर लिहिलं. "समजा, माणसं दोन येणार की तीन, माहीत नाही. पेढे किती आणाल, म्हणजे एक उरेलच?"

मी म्हटलं, "आधी माणसं बोलवा."

"नाही बोलावणार. दोन गुणिले तीन, सहा. सहा पेढे दोघांत पुरे वाटले जातात, तिघांतही. वर एक ठेवा. सात. आता दोघं येवोत की तिघं, देवाचा एक उरणार." मग हात झपाट्याने चालला. "पाच जण येतील अशी भीती आहे? सहाला पाचाने गुणा. तीस, वर एक, एकतीस. सात जण? दोनशे दहा, वर एक. अकरा जण? दोन हजार तीनशे दहा, वर एक. यांतले कितीही जण या! एक उरणारच!"

अहो, मी उडालो! माणसं आलेलीच नाहीत आणि वाटणी आधीच ठरलेली! मिलमध्ये मला कोणी हे सांगितलं असतं तर मी साहेबाला असा ताणा लावून दिला असता की त्याचा एकही पट्टा बसला नसता. साहेबच बसला असता डोकं धरून.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी पायरीवर. सून म्हणायची, "बाबा, चहा तरी संपवून जा." चहा कसला!

बाईंनी मला हट्टी आकडे शिकवले. शाळेत त्याला दुसरं नाव असेल, पण बाईंचं नाव हेच. जो आकडा कोणाच्याच वाटणीत पुरा जात नाही, एकाच्या आणि स्वतःच्या सोडून, तो हट्टी. पाच हट्टी, सात हट्टी, सहा नाही. "तुमच्यासारखे," असं त्या मला म्हणत, आणि मला ते आवडे.

त्यांचं हे वेड देवळापुरतं नव्हतं. एकदा आम्ही दोघं डोळे तपासायला बाड्यावर, म्हणजे शहराच्या मोठ्या चौकात, गेलो होतो. परत येताना रिक्षा हवी. एक थांबली, बाईंनी नंबर वाचला, आकड्यांची बेरीज केली आणि हात झटकला, "भैया, तुम जाओ. तुम तीन से कटते हो."

तो भैया काय समजला देव जाणे, पण बिचारा आधी आपलं चाक बघायला उतरला.

दुसरा आला, तो सातात गेला. तिसरा अकरात. मी उन्हात उभा, डोळ्यांत ते औषध घातलेलं, समोर काही दिसत नाही. म्हटलं, "बाई, हट्टी रिक्षा मिळेपर्यंत मला आंधळ्याची काठी लागेल." तेव्हा एक टेम्पो आला, माणसांनी खच्चून भरलेला, दोघं दाराला लटकलेले. बाई नंबर बघून ओरडल्या, "हट्टी!" आणि चढल्या. मीही चढलो. काय करणार! पूर्ण रस्ता एका पायावर उभा होतो, आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटत होतं.

आता आकडा. पायरीवर सात, एकतीस, दोनशे अकरा, दोन हजार तीनशे अकरा असे चार आकडे लिहिलेले होते. बाईंनी सांगितलं की हे चारही हट्टी आहेत. दोघातिघांत तर नाहीच, कोणाच्याच वाटणीत जात नाहीत. मी म्हटलं, पुढचा मी करणार. दोन हजार तीनशे दहाला तेराने गुणलं. तीस हजार तीस. वर देवाचा एक. तीस हजार एकतीस! माझ्या हातचा पहिला मोठा आकडा. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. दोघांत वाटा, एक उरतो. तिघांत, पाचांत, सातांत, अकरांत, तेरांत, एक, एक, एक!

संध्याकाळी आरतीला मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. "तीस हजार एकतीस. या आकड्याची पुरी वाटणी जगात कोणी करू शकत नाही. हा हट्टी आहे. कोणाच्या वाटणीत गेला, तर मिशी उतरवीन."

बाई वाती सारख्या करत होत्या. त्यांचा हात थांबला. "जॉबरसाहेब, मिशी जरा सांभाळून."

"चार हट्टी निघाले, पाचवा कसा नाही निघणार? एकाच ताण्याचं कापड आहे."

"तपासलंत?"

"तपासतो की."

आमचे शेजारी वकीलसाहेब, पेन्शनीत निघालेले, जिभेने मात्र अजून कोर्टात, त्यांनी लगेच खिशातून मोबाईल काढला. मी ओरडलो, "खबरदार! मला कोणी सांगायचं नाही. मी स्वतः बघणार." वकीलसाहेबांनी बोटं चालवली, मोबाईलकडे बघितलं, माझ्या मिशीकडे बघितलं आणि म्हणाले, "जॉबर, मान जाओ यार. अभी भी टाइम है."

"सांगायचं नाही!"

झालं. त्या रात्रीपासून सगळ्या गल्लीला उत्तर माहीत आणि मला एकट्याला नाही. दूधवाला माझ्या मिशीकडे बघून हसायचा. न्हावी दुकानातून हाक मारायचा, "दादा, कब आ रहे हो?" मी छाती काढून जायचो. सुनेच्या ओठावर यायचं, ती पदर तोंडात धरून आत पळायची. पण माझा शब्द पाळला सगळ्यांनी. कोणी सांगितलं नाही.

बाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, फक्त हट्टी आकड्यांनी भागायचं. "जो दोघांत वाटला जात नाही तो चौदांत कसा वाटला जाईल?" हे मला लगेच पटलं. दुसरी, एकशे त्र्याहत्तरच्या पुढे जायचं नाही. "वाटणीत दोन आकडे असतात, माणसं आणि प्रत्येकाच्या हातावरचे पेढे. दोन्ही त्याच्या वर असतील तर गुणून तीस हजार एकतीसच्या पुढे जाल. म्हणून एक तरी खाली सापडतोच, सापडायचा असला तर." हे पटायला मला एक सकाळ आणि दोन भांडणं लागली.

मग मी गच्चीवर खडू घेऊन बसलो. पाढे मला तिसापर्यंत पाठ, वडिलांनी छडीने करून घेतलेले. त्याच्या पुढचं सगळं अंगमेहनतीचं. सतराने भागलं, नऊ उरले. एकोणिसाने, अकरा. तेविसाने सोळा, एकोणतिसानेही सोळा. दर वेळी शेवटच्या वजाबाकीत काहीतरी उरलं की मी गच्चीवर एकटाच "वा रे पठ्ठ्या!" करून ओरडायचो. गच्ची आकड्यांनी भरली. सुनेने वाळवणं शेजारच्या गच्चीवर नेली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. बंद तर बंद.

पोचलो! एकशे त्र्याहत्तरपर्यंत पोचलो, आणि एकदाही पुरी वाटणी झाली नाही. पेढे घेतले आणि थेट देवळात. "हट्टी आहे! सगळे बघितले!"

कोणी टाळी वाजवली नाही. वकीलसाहेब छताकडे बघायला लागले. बाईंनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, आणि म्हणाल्या, "पुन्हा बघा."

मला राग आला. "म्हणजे मी चुकलो? कुठे?"

"मी सांगितलं तर चालेल?"

"नाही."

"मग पुन्हा बघा. पण लवकर बघा, जॉबर. भाची येतेय मला न्यायला. आता कायमची नागपूरला जाते. गुडघे म्हणतात, जिने पुरे झाले." मग माझ्याकडे बोट करून, हनुवटी नाही, बोट: "आणि मी तिकडे गेल्यावर फोन करून सांगायचं नाही. फोनवर गणित ऐकत नाही मी. माझ्यासमोर सांगा."

आता मिशी राहिली बाजूला. चौऱ्याहत्तर वर्षांत मला कोणी "तू शोध, मी थांबते" असं म्हटलं नव्हतं. शाळेत हातावर छडी बसायची, मिलमध्ये पगार कापला जायचा, उत्तर देणारे पुष्कळ. थांबणाऱ्या एकट्या बाई. आणि त्या निघाल्या होत्या. त्या जायच्या आत मला शोधायचं होतं, बस.

पण मी हट्टी. पुन्हा सगळं करायचं म्हणजे आपण चुकलो असं मानायचं. मी गच्चीवर जायचो, आकड्यांकडे बघायचो, सगळे उरलेले जिथल्या तिथे, आणि खाली यायचो. भाची आली. बांधाबांध सुरू झाली. उद्या सकाळी गाडी, आणि आज चतुर्थी.

दुपारी देवळात बाईंचं शेवटचं वाटप. सगळी गल्ली लोटली होती. बाईंनी हनुवटीने माणसं मोजली, पेढे मोजले, वाटायला लागल्या. आम्ही सगळे ताटाकडे बघत होतो. शेवटचा पेढा त्यांनी वकीलसाहेबांच्या हातावर ठेवला आणि ताट उलटं केलं. रिकामं!

"बाई, देवाचा?" कोणीतरी विचारलं.

"आज पुरी वाटणी झाली," बाई म्हणाल्या. "काहीच उरलं नाही." आणि माझ्याकडे बघितलं.

मी पेढा न खाता वर गच्चीवर गेलो. डोक्यात ते रिकामं ताट. काहीच उरलं नाही. मग कुठे काय उरलंय हे मी पुन्हा वाचायला लागलो. नऊ, अकरा, सोळा, तेवीस... आणि एकोणसाठापाशी एक. एक उरला! हा मला आठवत होता. तिथे एक उरलेला बघून मी किती खूश झालो होतो! देवाचा एक, वाटणी चोख, म्हणून पुढे गेलो होतो. दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नव्हतं.

मी खाली बसलो. एकोणसाठांत वाटून देवाचा एक उरला. ठीक. तो देवाचा एक उचलून बाजूला ठेवू. राहिले तीस हजार तीस. ते एकोणसाठांत पुरे बसले पाहिजेत. पण तीस हजार तीस तर मी स्वतः विणलेत! कशाकशाचे? दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. सहा रंगांचे धागे घातले, सातवा घातलाच नाही. मग त्या कापडातून हा एकोणसाठ रंगाचा धागा निघाला कुठून? मी घातलेला नाही तर निघणार नाही! म्हणजे एक उरूच शकत नाही. दहा उरतील, वीस उरतील, पण एक? कधीच नाही!

खडू दोनदा मोडला. एकोणसाठ पाचे दोनशे पंचाण्णव. तीनशेतून गेले, पाच. तीन खाली घेतला, त्रेपन्न, त्यात जात नाही, शून्य. एक खाली घेतला, पाचशे एकतीस. आता एकोणसाठ नव्वा. नऊ साठ पाचशे चाळीस, त्यातून नऊ काढायचे, आणि मी काढले होते दहा! पाचशे तीस लिहून बसलो होतो, गाढव! चाळिसातून नऊ गेले, एकतीस. पाचशे एकतीस. पाचशे एकतिसातून पाचशे एकतीस.

शून्य.

मी जिना कसा उतरलो सांगता येणार नाही. सून मागून ओरडली, "बाबा, चप्पल!" चप्पल राहिली. समोरच बाईंचं घर, दार उघडं, बॅगांच्या मध्ये बाई स्टुलावर बसलेल्या, भाची दोरी बांधत होती.

"बाई! एकोणसाठ!"

"किती उरले?"

"काही नाही! काही नाही उरलं! एकोणसाठ माणसं, पाचशे नऊ पेढे, ताट रिकामं!"

त्या छोट्या बाईने दोन्ही हात वर केले आणि एखाद्या पोरीसारखी टाळी वाजवली. भाची घाबरली. "मावशी, काय झालं?"

"सापडला याला! आणि कसा सापडला? सांगा, सगळं सांगा."

मी सांगितलं. देवाचा एक, सहा रंग, सातवा धागा. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं, जॉबरसाहेब." माझा हात आपोआप मिशीवर गेला.

मग मी म्हटलं, "पण आकडा फुटला, बाई. हट्टी नव्हता."

"फुटला तर काय निघालं आत? एकोणसाठ हट्टी. पाचशे नऊ, तोही हट्टी. दोन हट्टी इतके चिकटून बसले होते की बाहेरून एकच वाटत होते." आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारून, "अहो, गंमत हीच आहे! सगळे माहीत असलेले हट्टी घ्या, गुणा, वर देवाचा एक ठेवा. आता तो आकडा स्वतः हट्टी असेल, नाहीतर त्याच्या पोटात असा कोणी हट्टी असेल जो तुमच्याकडे नव्हता. दर वेळी नवा. म्हणजे काय?"

मी विचार केला. "संपणारच नाहीत?"

"संपणारच नाहीत!"

"कधीच?"

"कधीच!"

आम्ही दोघं बसून हसत होतो. भाचीने चहा आणला, तो निवला.

निघताना बाई म्हणाल्या, "मिशी राहू द्या. मी सोडली तुम्हाला."

"बाई, शब्द मी गल्लीला दिलाय, तुम्हाला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी न्हाव्याकडे गेलो. त्याने वस्तरा हातात घेऊन तीनदा विचारलं, "दादा, पक्का?" वकीलसाहेब बघायला आले होते, पण शेवटी त्यांनीच तोंड फिरवलं. बाईंच्या दारात टॅक्सी उभी होती. बाईंनी मला आधी ओळखलंच नाही, मग इतक्या हसल्या की भाचीला धरावं लागलं. मग त्यांनी सवयीने टॅक्सीचा नंबर वाचला, ओठ हलले. "तिनाने जातो," त्या म्हणाल्या. आणि बसल्या.

टॅक्सी वळली. मी गच्चीवर गेलो. सुनेने गच्ची धुऊन ठेवली होती, अजून ओली. कोरडा कोपरा बघून बसलो आणि तीस हजार तीसला सतराने गुणलं. पाच लाख दहा हजार पाचशे दहा. वर देवाचा एक. आता सतराच्या पुढचा पहिला हट्टी, एकोणीस. एकोणिसाचा पाढा तर मला झोपेत पाठ. भागत गेलो, भागत गेलो, शेवटची वजाबाकी केली.

शून्य! पहिल्याच फटक्यात शून्य!

मी उठलो, कठड्याला पोट लावलं आणि समोर बघून मोठ्याने ओरडलो, "बाई! एकोणीस!"

समोर दाराला कुलूप होतं.